घरगुती डीप फ्रीझर : मांडणी, भरणी व निगा

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पाचाड, हिरकणीवाडी, रायगडवाडी या गावांतून गडावर येणाऱ्या लोकांस घरगुती जेवण देण्याचा जोडधंदा आता चांगला रुजला आहे. १९९६ साली हिरकणीवाडीहून गडावर जाणारा रोपवे सुरू झाला आणि पायथ्याशी थांबणाऱ्यांची संख्या वाढत गेली. भाताचे पीक निघाल्यावर वाल-पावट्याखेरीज शेतात फारसे काम न उरणाऱ्या या भागात या धंद्याचा आधार लहान नव्हे. परंतु त्यात एक मोठी अडचण आहे. गिऱ्हाईक रोज सारखे येत नाही. शनिवार-रविवारी पंगतीवर पंगती उठतात, तर मधल्या वारी चूल थंड असते. ६ जूनच्या शिवराज्याभिषेक दिनी आणि पुन्हा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस तर माणसांचा लोंढा लोटतो. मासळी, कोंबडी व इतर जिन्नस आणावयाचे म्हणजे सुमारे २५ किलोमीटरांवरील महाड गाठावे लागते. साहजिकच अनेक घरांच्या पडवीत वा माजघरात डीप फ्रीझरची पांढरी पेटी आली आहे.

पेटी विकत घेणे सोपे आहे. दुकानदार ती घरपोच आणून देतो, तार जोडतो आणि जातो. पुढे ती कोठे ठेवावी, तीत काय व किती भरावे आणि वीज गेल्यावर काय करावे, हे सांगणारा कोणी नसतो. आणि वीज तर जातेच. डोंगरातून, झाडीतून येणाऱ्या तारा, वळवाचा वारा आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांचा विचार करता, पायथ्याच्या गावात पेटी मांडणाराने वीज जाणारच असे गृहीत धरूनच ती मांडावी व भरावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. या लेखातील बहुतेक सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पेटीचे काम कसे चालते

फ्रीझर थंडी तयार करून आत घालतो, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वस्तुतः तो आतील उष्णता काढून बाहेर टाकतो. काँप्रेसर नावाचे यंत्र नळ्यांतून एक वायू दाबून फिरविते. पेटीच्या आतील बाजूस तो वायू उष्णता शोषून घेतो व बाहेरच्या बाजूस ती सोडतो. पुष्कळशा पेट्यांत उष्णता सोडणाऱ्या या नळ्या बाहेरील पत्र्याच्या आतच बसविलेल्या असतात. म्हणून पेटी चालू असता तिच्या कुशी हातास कोमट लागतात. हा बिघाड नव्हे. मात्र अशा कुशीस तांदळाची पोती टेकवून ठेवली किंवा शोभेसाठी पेटीवर गोधडी पांघरली, तर उष्णतेस बाहेर पडावयास वाट राहत नाही, काँप्रेसर अधिक वेळ चालतो व विजेचे बिल वाढते. त्या पत्र्यात खिळा ठोकणे तर कटाक्षाने टाळावे. नळी फुटली की वायू निघून जातो, आणि हल्लीच्या अनेक पेट्यांत वापरला जाणारा वायू ज्वालाग्राही असतो.

झाकण वर असण्यात एक मोठा लाभ आहे. थंड हवा जड असल्याने ती पेटीच्या तळाशी बसून राहते. उभ्या कपाटाचे दार उघडताच ती पायावर ओघळते, तशी येथे ओघळत नाही. वीज गेल्यावर उभ्या फ्रीजपेक्षा आडवी पेटी माल अधिक काळ राखते, याचे हे एक कारण आहे. जाड भिंती हे दुसरे. घरगुती वापरास वरून पत्र्याचे भरीव झाकण असलेली पेटी घ्यावी. काचेच्या झाकणाची पेटी आइस्क्रीमच्या दुकानास शोभते, कारण तेथे माल दिसावा लागतो. काचेतून मात्र थंडी लवकर जाते.

आतील तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली असावे. या तापमानास अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, केवळ थांबतात, हे ध्यानात ठेवावे. माल पुन्हा ऊन होताच ते जेथे थांबले होते तेथून कामास लागतात. म्हणून शिळी मासळी गोठवून ताजी होत नाही. जशी आत जाईल, फार तर तशीच बाहेर येईल.

बाजारातील कित्येक पेट्यांना एक बटण असते व त्याने फ्रीझरचा कूलर करता येतो. कूलरवर ठेवल्यास आतील तापमान शून्याच्या वर, २ ते ८ अंशांच्या आसपास राहते. सरबताच्या बाटल्यांसाठी बटण कूलरवर फिरवावयाचे व नंतर त्याच पेटीत मासळी टाकावयाची, ही चूक सर्रास घडते. पेटीवर विसंबून न राहता आत एक साधा थर्मामीटर ठेवावा. त्याची किंमत एका कोंबडीहून अधिक नसते.

जागा व जोडणी

पेटी आणताना वाटेत आडवी केली गेली असल्यास घरी आणल्यावर ती सरळ उभी ठेवून काही तास तशीच राहू द्यावी. काँप्रेसरमधील तेल नळ्यांत गेलेले असते, ते परत खाली येणे आवश्यक असते. किती तास थांबावे हे पेटीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते.

जागा सपाट, कोरडी व वारा खेळणारी असावी. पेटी थेट जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा विटांच्या चार पायांवर ठेवावी. महाड तालुक्यात वर्षास ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात आपल्या जमिनी पाझरतात व खालचा पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जातो. भिंतीपासून सर्व बाजूंनी निदान १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीपाशी पेटी ठेवू नये. गोठ्याच्या लगतची जागा सोयीची वाटली तरी टाळावी. शेण-मुतातून निघणाऱ्या अमोनियाने तांब्याच्या नळ्या व तारा खराब होतात, आणि उंदीर तारा कुरतडतात. ज्यांची घरे ओढ्याकाठी आहेत त्यांनी आजवर पाणी कोठवर चढले होते हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून पेटी त्याच्या वर ठेवावी.

पेटीस तीन पिनांचा स्वतंत्र सॉकेट द्यावा. लांबच लांब वायर ओढून किंवा एकाच सॉकेटवर मिक्सर, पंखा व पेटी जोडून काम भागवू नये. अर्थिंगविषयी आपल्याकडे फार हयगय होते. पेटी पत्र्याची, जमीन ओली, पाय अनवाणी आणि हात मासळीच्या पाण्याने भिजलेले, अशा स्थितीत पत्र्यात वीज उतरली तर परिणाम काय होईल हे वेगळे सांगावयास नको. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात खडकाळ जमीन सुकून अर्थिंगचा खड्डा निकामी होतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतीत जावे. घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवावा. गळती होताच तो प्रवाह तोडतो. माल वाचविण्याआधी माणूस वाचला पाहिजे. या एका उपकरणावर केलेला खर्च आम्ही पेटीच्या खर्चातच धरतो.

विजेचा दाब ही पुढची बाब. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. परंतु तारेच्या टोकाशी असलेल्या वाड्यांत संध्याकाळी दिवे मंदावतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. कमी दाबावर काँप्रेसरची मोटार सुरू होण्यासाठी धडपडते, तापते व शेवटी जळते. यास्तव स्टॅबिलायझर हवाच. तो घेताना वीज आल्यावर काही मिनिटे थांबून प्रवाह सोडणारा घ्यावा. वीज जाऊन लगेच आली तर नळ्यांतील दाब उतरलेला नसतो व त्या दाबाविरुद्ध मोटारीस उठता येत नाही. असा स्टॅबिलायझर नसल्यास वीज जाताच बटण बंद करावे आणि वीज आल्यावर चार-पाच मिनिटांनी चालू करावे.

इन्व्हर्टरविषयी अनेक जण विचारतात. काँप्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. दोन दिवे व पंखा चालविणाऱ्या लहान इन्व्हर्टरवर पेटी चालत नाही. मोठा घ्यावयाचा तर खर्चाचा हिशेब आधी करावा. पेटी किती वीज खाते हे जाणण्याचा सोपा उपाय असा : रात्री घरातील इतर सर्व बटणे बंद करून मीटरचा आकडा टिपावा व सकाळी पुन्हा टिपावा. उन्हाळ्यात व पावसाळ्यात हे आकडे वेगळे येतील.

भरणी

पेटी प्रथम रिकामीच चालू करावी. थर्मामीटर उणे १८ दाखवू लागला की मगच तीत माल ठेवावा.

एकदम किती माल भरावा हा खरा प्रश्न आहे आणि येथेच सर्वांत मोठी फसगत होते. २०० लिटरच्या पेटीत जागा आहे म्हणून ६ जूनच्या आदल्या दिवशी चाळीस किलो कोंबडी आणून भरली, तर ती गोठणार नाही. कारण हिशेबाने कळेल. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणण्यास ३० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. परंतु शून्य अंशावरील त्याच पाण्याचे शून्य अंशावरील बर्फ करण्यास आणखी ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे थंड करण्यापेक्षा गोठविण्याचे काम अडीच पटीहून अधिक जड आहे, आणि मासळी-मटणाचा बहुतांश भाग पाणीच असतो. चाळीस किलो माल एकदम टाकला की मधली पाकिटे दीड-दोन दिवस कोमटच राहतात व तेवढ्या वेळात नासू लागतात. शिवाय आधी गोठलेला मालही त्या उष्णतेने सुटू लागतो. चोवीस तासांत पेटी किती किलो माल गोठवू शकते हे पुस्तिकेत दिलेले असते. ते न सापडल्यास दर १०० लिटरमागे दिवसास ४ ते ५ किलो एवढे मान धरावे. अर्थात २०० लिटरच्या पेटीत रोज ८ ते १० किलो. गर्दीच्या दिवसासाठी भरणी आठवडाभर आधीपासून थोडी थोडी सुरू करावी. नवा माल जुन्या मालास न टेकविता, पेटीच्या थंड भिंतीस चिकटून उभा लावावा.

माल लवकर गोठणे दुसऱ्या एका कारणानेही हिताचे आहे. क्लॅरेन्स बर्ड्झाय हा अमेरिकन मनुष्य विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लॅब्रॉडॉरच्या बर्फाळ प्रदेशात राहत असता त्याने पाहिले की, तेथील लोकांनी कडाक्याच्या थंडीत पकडताक्षणी गोठलेली मासळी कित्येक महिन्यांनी शिजविली तरी ताज्यासारखी लागते. हळूहळू गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक बनतात व ते मांसाच्या पेशी फाडतात. झपाट्याने गोठताना स्फटिक बारीक राहतात. गोठविलेल्या अन्नाचा आजचा जगभरचा धंदा याच निरीक्षणातून वाढला. आपल्या घरी तेवढी कडाक्याची थंडी निर्माण करता येत नाही, परंतु पाकीट पातळ करता येते. पाच किलोचा एक गोळा करण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या किलोची, दोन बोटे जाडीची चपटी पाकिटे करावीत. ती लवकर गोठतात, लवकर सुटतात आणि एका पंगतीस लागतील तेवढीच काढता येतात. पाकिटातील हवा दाबून काढावी. हवा राहिली तर मालातील पाणी उडून जाते व त्यावर पांढुरके, चिवट डाग पडतात. प्रत्येक पाकिटावर जिन्नस व तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहावी. गोठल्यावर कोंबडी कोणती आणि फणस कोणता हे भल्याभल्यांस ओळखता येत नाही.

मासळी साफ करून, पोटातील घाण काढून, धुऊन व निथळूनच ठेवावी. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवावी, कारण थंडीतही तिचे तेल खवट होते. कमी तेलाची मासळी व कोळंबी चार-सहा महिने चांगली राहते.

भाज्यांत आपल्याकडील ओले वाल आणि वालाचे बिरडे हे दोन जिन्नस गोठविण्यास फार योग्य आहेत. बिरडे सोलण्याचे कष्ट घरातील स्त्रियांस ठाऊकच आहेत. वीस पाने अचानक वाढली म्हणून तेवढे बिरडे तासाभरात सोलून होत नाही. फुरसतीच्या दिवसांत वाल मोड आणून, सोलून ठेवले तर ऐन वेळी धावपळ पडत नाही. मात्र ते कच्चे ठेवू नयेत. भाजीत स्वाभाविक असणारी विकरे थंडीतही संथपणे काम करीत राहतात व रंग आणि चव बिघडवितात. यासाठी वाल उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून लगेच थंड पाण्यात काढावेत, फडक्यावर निथळून कोरडे करावेत व मग पाकिटे करावीत. आंब्याचा रस, फणसाचे गरे, करवंदे, जांभळे, सोललेले ओले काजूगर व खवलेला नारळ यांस अशी उकळी द्यावी लागत नाही.

रस, दूध किंवा कालवण बरणीत ठेवताना ती काठोकाठ भरू नये. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते व काच तडकते. काचेच्या बाटल्या आत ठेवूच नयेत हे उत्तम. दही, ताक, काकडी, कच्चे बटाटे व कवचासह अंडी गोठवू नयेत.

येथे एक मत स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. सुकी मासळी, आमसुले, आगळ, आंबापोळी, फणसपोळी हे जिन्नस विजेवाचून वर्षभर टिकतात. डबा हवाबंद व जागा कोरडी असली की पुरे. पेटी आली म्हणून वाळविणे व खारविणे सोडून देणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. पेटीतील प्रत्येक लिटर जागेला रोज भाडे पडते. जे वाळवून टिकते ते वाळवावे आणि ताजेपणामुळेच ज्याला किंमत आहे तेवढेच पेटीत जावे.

चीक, वासरू आणि लस

हिरकणीवाडी हे नावच दुधाशी जोडलेले आहे. गडावर दूध घालावयास गेलेली, दरवाजे बंद झाल्याने तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री कडा उतरून आलेली हिरकणी गवळण सर्वांच्या परिचयाची आहे. आजही ज्यांच्या गोठ्यात म्हशी-गाई आहेत त्यांना या पेटीचा असा एक उपयोग आहे की ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकात वासराचे रोगापासून संरक्षण करणारी प्रथिने असतात. वासरू जन्मतः या संरक्षणाविना असते आणि जसजसे तास जातात तसतशी ती प्रथिने आतड्यांतून शोषून घेण्याची त्याची शक्ती घटत जाते. म्हणून जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा, आणि पहिल्या दिवसात एकूण वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा. तीस किलोच्या पारड्यास साधारण तीन लिटर. एखादी म्हैस विताना दगावली, किंवा पहिलटकरणीस चीकच उतरला नाही, तर हा चीक आणावयाचा कोठून? ज्या निरोगी, लसीकरण झालेल्या व कासदाह नसलेल्या जनावरास वासराची गरज भागून चीक उरतो, त्याचा पहिल्या धारेचा चीक स्वच्छ पिशव्यांत एकेक लिटरप्रमाणे भरून, चपटा गोठवून ठेवावा. उणे १८ अंशांवर तो वर्षभर उपयोगी पडतो.

तो सोडविताना उकळू नये. हाताला सोसवेल इतपत गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात, पिशवी ठेवून सावकाश सोडवावा व अंगाच्या उष्णतेइतका कोमट करून पाजावा. चिकाचा खरवस वाफेवर कसा घट्ट धरतो हे आपण पाहतोच. तापविल्याने घट्ट होणाऱ्या त्या प्रथिनांतच वासराचे संरक्षण असते, आणि एकदा ती थिजली की त्यांचा तो गुण गेला. गडावर येणारे लोक खरवसाला चांगला दाम देतात हे खरे. तरी वासराच्या वाट्याचा आणि राखीव दोन-चार पिशव्यांचा चीक बाजूस काढल्यावरच खरवसाचे पातेले चढवावे.

याउलट लाळ्या-खुरकूत, घटसर्प इत्यादी रोगांच्या लसी डीप फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नयेत. त्यांना २ ते ८ अंश तापमान लागते. गोठल्याने त्या निकामी होतात व बाहेरून पाहून ते ओळखू येत नाही. जनावर टोचले गेले अशा समजुतीत मालक राहतो आणि साथ आल्यावर खरे कळते.

वीज गेल्यावर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब व तारा सर्वत्र कोसळल्या आणि जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, अतिवृष्टीने महाड शहर पुराखाली गेले व तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा प्रसंगी पेटीतील मालाची कथा ती काय? परंतु दवाखान्याची वाट बंद असता घरातील माणसे नासलेल्या अन्नाने आजारी पडणे हे संकटावर संकट होय. म्हणून पुढील गोष्टी शांत वेळी समजून घ्याव्यात.

पूर्ण भरलेली पेटी, झाकण न उघडल्यास, सुमारे ४८ तास माल गोठलेला राखते. अर्धी भरलेली पेटी सुमारे २४ तास. गोठलेला माल हाच थंडीचा साठा असतो, रिकाम्या जागेतील हवा काहीच राखीत नाही. तेव्हा पेटीत जागा उरत असल्यास ती पाण्याच्या बाटल्यांनी भरावी. बाटली चार बोटे रिकामी ठेवावी. एक किलो बर्फ वितळण्यास ८० किलोकॅलरी उष्णता लागते व तेवढी उष्णता मालापर्यंत पोहोचत नाही. साधे बर्फ शून्य अंशास वितळते, तोवर मासळी सुटू लागलेली असते. यासाठी काही बाटल्यांत नऊशे ग्रॅम पाण्यास शंभर ग्रॅम या प्रमाणात मीठ विरघळवून भरावे. हे पाणी उणे साडेसहा अंशांपर्यंत वितळून जाते आणि मालास अधिक खालच्या तापमानावर धरून ठेवते. अशा बाटल्यांवर मिठाची खूण करावी, नाहीतर कोणी तरी ते पाणी पिण्यास घेईल.

वीज गेल्यावर पहिले काम म्हणजे झाकण न उघडणे. माल ठीक आहे ना हे पाहण्याच्या काळजीपोटी लोक तासातासाला झाकण उघडतात व ज्याची काळजी तेच घडवून आणतात. वीज गेल्याची वेळ खडूने झाकणावर लिहावी. अशा वेळी पेटीवर जाड गोधडी घालण्यास हरकत नाही. वीज येताच मात्र ती काढावी.

घर बंद करून चार दिवस बाहेरगावी जाणारांसाठी एक युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचे नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर माल सुटला नव्हता. नाणे वाटीच्या तळाशी, बर्फात रुतलेले दिसले तर मधल्या काळात सर्व वितळून पुन्हा गोठले असे समजावे. वरून टणक दिसणाऱ्या त्या पाकिटांवर मग विश्वास ठेवू नये.

वीज परतल्यावर प्रत्येक पाकीट हाती घेऊन पाहावे. ज्यात बर्फाचे कण अजून शिल्लक आहेत, किंवा जे फ्रीजइतके, म्हणजे पाच अंशांच्या आत थंड आहे, ते पुन्हा गोठविता येते. चव थोडी उतरते, धोका नसतो. शक्य तर त्याच दिवशी शिजवून संपवावे. मासळी, कोंबडी, मटण, दूध व शिजविलेले कालवण पाच अंशांच्या वर दोन तासांहून अधिक काळ राहिले असल्यास ते टाकून द्यावे. वास घेऊन किंवा चाखून निर्णय करू नये. बांगड्यासारख्या मासळीत ऊन लागल्यावर हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, उलट्या होतात. एकदा तयार झालेले हे द्रव्य कितीही शिजविले तरी जात नाही. झणझणीत मसाल्यात सर्व काही खपते, ही समजूत मोडलीच पाहिजे. टाकाऊ माल कुत्र्यांपुढे न टाकता खोल खड्ड्यात पुरावा.

पावसाळ्याच्या तोंडाशी भरणीचे धोरण बदलणे शहाणपणाचे ठरेल. ६ जूनची गर्दी आणि वळवाची वादळे एकाच सुमारास येतात, म्हणजे पेटी जेव्हा सर्वांत भरलेली तेव्हाच वीज सर्वांत बेभरवशाची असते. त्या आठवड्यात मासळीचा वाटा कमी ठेवून बिरडे, काजूगर, नारळ यांचा वाढवावा. नुकसान झालेच तर ते थोडक्यात निभावते.

निगा

आतल्या भिंतींवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड हिम साचले की पेटी बंद करून माल गोधडीत गुंडाळून ठेवावा व हिम आपोआप वितळू द्यावे. आत गरम पाण्याचे पातेले ठेवल्यास काम लवकर होते. सुरी, विळी किंवा पेचकसाने हिम खरवडू नये. त्या भिंतीमागेच नळ्या आहेत. पेटी पुसून, कोरडी करून, थंड झाल्यावरच माल परत ठेवावा. झाकणाची रबरी पट्टी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसावी. पट्टीत कागदाची चिठ्ठी धरून झाकण मिटावे व चिठ्ठी ओढावी. ती सहज निघून आली तर तेथून थंडी जात आहे असे जाणावे.

आषाढ-श्रावणात गडावरील वर्दळ ओसरते. ज्यांच्याकडे तेवढा माल उरत नाही त्यांनी त्या दोन महिन्यांसाठी पेटी रिकामी करून बंद ठेवावी. राखीव चीक असल्यास तो शेजारच्या चालू पेटीत ठेवावयास द्यावा. बंद पेटी धुऊन, पूर्ण सुकवून, झाकणाखाली लाकडी ठोकळा घालून थोडी उघडी ठेवावी, नाहीतर आत बुरशी धरते व तो वास पुढे जाता जात नाही. ठोकळा घातल्यावर झाकण दोरीने असे बांधावे की ते त्याहून अधिक उघडणार नाही. लपंडाव खेळताना लहान मूल रिकाम्या पेटीत शिरले आणि झाकण मिटले, तर आत हवा पुरत नाही व हाक बाहेर ऐकू येत नाही. कायमची मोडीत काढलेली पेटी परसात टाकण्यापूर्वी तिचे झाकण बिजागऱ्यांसह काढून टाकावे.